आईचा रेडिओ, मोबाइलचा चार्जर आणि तीन डायोड

आईच्या रेडिओला दोन मोठे सेल लागतात. आवाज बारीक ठेवणं तिला जमत नाही, त्यामुळे महिनाभरात सेल मान टाकतात. दुसरीकडे कपाटाच्या खणात मोबाइलचे जुने चार्जर साचले आहेत. फोन गेले, चार्जर राहिले. रेडिओला हवेत ३ व्होल्ट आणि चार्जर देतो ५. मधले २ व्होल्ट कुठेतरी घालवायचे, एवढंच काम.

पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराला हे सांगितलं. त्याने काही न विचारता डबीतून तीन काळे डायोड काढून काउंटरवर ठेवले. "एकामागे एक लावा. एक डायोड पॉइंट सात खातो." तीन सत्ते एकवीस, म्हणजे २.१ व्होल्ट गेले आणि २.९ उरले. हिशोब बिनचूक होता.

घरी येऊन तिन्ही डायोड जोडले आणि रेडिओला लावण्याआधी मल्टिमीटर लावून पाहिला. मीटरवर जवळजवळ साडेचार! डायोड बदलले, वायर बदलली, मीटरचा सेलसुद्धा बदलला. आकडा तोच. मग वैतागून तसाच रेडिओ जोडला, तर तो ठणठणीत वाजला आणि मीटर उतरून २.९ वर आला.

दुकानदार खोटं बोलला नव्हता आणि मीटरही बिघडला नव्हता. हे कसं, ते कळलं की डायोडने व्होल्टेज उतरवण्याची युक्ती कुठे चालते आणि कुठे दगा देते तेही कळतं. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद नव्याने लागलेले बहुतेक जण याच वळणावर एकदा तरी अडखळतात.

## व्होल्ट म्हणजे खिशातले पैसे

व्होल्टेजला शाळेच्या पुस्तकात विभवांतर म्हणतात. शब्द भारदस्त असला तरी कल्पना साधी आहे. तारेतून विद्युतभार वाहतो. त्या भाराच्या प्रत्येक हिश्श्याला चार्जरमधून निघताना किती ऊर्जा मिळाली, ते व्होल्ट सांगतो. असे किती हिस्से दर सेकंदाला रस्त्यावरून जातात, ते करंट सांगतो आणि तो अँपिअरमध्ये मोजतात.

समजा रस्त्यावरून गाड्या जात आहेत. ५ व्होल्टच्या चार्जरमधून निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खिशात ५ रुपये आहेत. वाटेत ते सगळे खर्च करायचे आणि रिकाम्या हाताने चार्जरकडे परतायचं, हा इथला नियम. वाटेत एकटा रेडिओच असेल तर सगळे ५ रुपये त्याच्यातच खर्च होतील. रेडिओची रचना ३ रुपयांची आहे. म्हणून रेडिओच्या आधी कुणीतरी प्रत्येक गाडीकडून २ रुपये काढून घ्यायला हवेत.

## डायोडचा टोलनाका

डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (गावाकडे त्याचा 'फुटबॉल' होतो) पाणी वर जाऊ देतो आणि खाली येऊ देत नाही, तसंच हे. त्या झडपेला उघडायला थोडा जोर लागतो. डायोडच्या आत सिलिकॉनचे दोन वेगळ्या गुणांचे थर जिथे एकमेकांना भिडतात, तिथे विजेचा एक अदृश्य उंबरठा तयार होतो. तो ओलांडायची किंमत साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट असते. यालाच डायोडचा ड्रॉप म्हणतात.

आपल्या भाषेत हा टोलनाका झाला. प्रत्येक गाडीकडून ७० पैसे. महत्त्वाचं हे की रस्त्यावर दहा गाड्या असोत की शंभर, दर गाडीमागचा टोल जवळजवळ तेवढाच राहतो. असे तीन नाके एकामागे एक ठेवले तर २ रुपये १० पैसे गेले आणि रेडिओपर्यंत २ रुपये ९० पैसे पोचले.

डायोडच्या एका टोकाला चंदेरी पट्टा असतो. आपल्या जोडणीत चार्जरची धन तार पट्टा नसलेल्या टोकाला आणि पट्ट्याचं टोक रेडिओकडे. उलटं लावलं तर काही जळत नाही, रेडिओ फक्त गप्प राहतो. निवडणूक हरलेल्या उमेदवारासारखा.

## पण डायोड तर एसीचं डीसी करायला असतो ना?

शाळेत तेवढंच शिकवतात आणि ते बरोबरच आहे. एकाच दिशेने जाऊ देण्याच्या गुणामुळे डायोड एसीचं, म्हणजे पुढे-मागे होणाऱ्या विजेचं, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करतो. पण तेव्हाही तो टोल घेतच असतो. एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीत, म्हणजे ब्रिजमध्ये, प्रवाह दरवेळी दोन डायोडमधून जातो, म्हणून तिथे १.४ व्होल्ट गायब होतात. पॉवर सप्लाय बनवणारा माणूस त्याला तोटा म्हणतो. आपल्याला नेमका तोच तोटा हवा आहे.

## रेझिस्टर लावला असता तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. करंटला अडथळा करणारा रेझिस्टरही व्होल्टेज उतरवतो, किंमत तेवढीच आणि उलटसुलट लावायची भीतीही नाही. मग डायोडच का?

कारण रेझिस्टरचा टोल गर्दीवर ठरतो. गाड्या दुप्पट झाल्या की दर गाडीमागचा टोलही दुप्पट. ओहमचा नियम तो हाच.

रेडिओचे आकडे घालून पाहू. आईचा रेडिओ हळू आवाजात २० मिलिअँपिअर घेतो. एवढ्या करंटला २ व्होल्ट उतरवायचे तर १०० ओहमचा रेझिस्टर लागेल. लावला. बातम्या छान ऐकू आल्या. मग नाट्यसंगीत लागलं आणि आईने आवाज वाढवला. रेडिओला आता १०० मिलिअँपिअर हवेत. पण १०० ओहममधून १०० मिलिअँपिअर जायचे तर रेझिस्टरवरच १० व्होल्ट पडायला हवेत आणि चार्जरकडे आहेत सगळे मिळून ५. साहजिकच रेडिओचं व्होल्टेज कोसळतं, आवाज फाटतो आणि ऐन तानेच्या वेळी गायकाला उचकी लागल्यासारखं ऐकू येतं. उलट रेडिओ अगदी कमी करंट घेत असेल तर रेझिस्टर जवळजवळ काहीच उतरवत नाही आणि रेडिओला ५ च्या आसपास मिळतात.

आता तीन डायोड. २० मिलिअँपिअरला प्रत्येकावर साधारण ०.६९ व्होल्ट पडतात आणि रेडिओला २.९३ मिळतात. १०० मिलिअँपिअरला प्रत्येकावर ०.७७ आणि रेडिओला २.७. करंट पाचपट झाला तरी फरक पाव व्होल्टपेक्षा कमी. रेडिओला याचं काहीच वाटत नाही, कारण सेलवर असताना त्याने याहून वाईट दिवस पाहिलेले असतात. दोन नवे सेल मिळून ३.२ व्होल्ट देतात आणि उतरत उतरत २ पर्यंत येतात. सेलवर चालणाऱ्या वस्तू मुळातच अशा चढउताराला सरावलेल्या असतात. डायोडची युक्ती त्यांच्याशी जमते, त्याचं खरं कारण हे आहे.

एलइडीला मात्र रेझिस्टरच लावतात. तिचा करंट ठरलेला असतो आणि ती स्वतःच डायोड असल्यामुळे तिला करंट आवरणारं कुणीतरी हवंच असतं.

## मग मीटरने साडेचार का दाखवले?

आता त्या संध्याकाळच्या कोड्याकडे येऊ.

टोल 'जवळजवळ' सारखा राहतो, असं वर लिहिलं. सगळी मेख त्या 'जवळजवळ'मध्ये आहे. डायोडमधला करंट दहापट व्हायला त्यावरचं व्होल्टेज फक्त एक दशांश व्होल्टने वाढावं लागतं. (आपल्या नेहमीच्या डायोडसाठी हा आकडा साधारण ०.१ आहे.) इथे टोलची उपमा थोडी लंगडते, पण फूटव्हॉल्व्ह आठवा. झडप एकदा किलकिली झाली की जरासा जास्त दाब दिला तरी पाण्याचा लोंढा येतो. म्हणूनच एका बाजूने पाहिलं तर ड्रॉप स्थिर वाटतो.

आता उलट दिशेने मोजा. १०० मिलिअँपिअरला ०.७७. दहा मिलिअँपिअरला ०.६६. एक मिलिअँपिअरला ०.५५. असं दर दहाव्या हिश्श्याला एक पायरी खाली उतरत जा.

रेडिओ जोडलेला नव्हता तेव्हा वाटेत फक्त मीटर होता. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून जाणारा करंट अर्ध्या मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी, म्हणजे मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागाचा निम्मा. रस्त्यावर गाड्याच नाहीत म्हटल्यावर टोलवालाही पेंगणार! एवढ्याशा करंटला प्रत्येक डायोडवर जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात. तिघांचे मिळून ०.६. पाचातून ते वजा केले की साडेचारच्या आसपास येतं.

म्हणजे मीटर खरंच बोलत होता, मीच त्याला चुकीच्या वेळी प्रश्न विचारला होता. ड्रॉप मोजायचा तर लोड, म्हणजे जी वस्तू चालवायची ती, जोडून मोजायचा.

यात एक धोका लपलेला आहे. तुमची वस्तू झोपलेली असताना, समजा आतली चिप सुरू पण काम बंद अशा अवस्थेत, ती अगदी थोडा करंट घेते. तेव्हा तिच्यावर ३ नव्हे, चारच्या आसपास व्होल्ट येतात. रेडिओ ते सहन करेल. एखादी नाजूक चिप करणार नाही. उपाय सोपा आहे. रेडिओच्या धन तारेपासून ऋण तारेपर्यंत, रेडिओला समांतर, ४७० ओहमचा एक रेझिस्टर कायमचा जोडून द्यायचा. तो सतत सहा-सात मिलिअँपिअर घेत राहतो. रस्ता कधीच पूर्ण रिकामा होत नाही आणि टोलवाला जागा राहतो. मी तो लावला, तेव्हा रेडिओ काढल्यावरही मीटर ३.१ च्या वर गेला नाही.

## कुठला डायोड घ्यायचा

दुकानात मिळतो तो बहुतेक वेळा १एन४००७, नुसतं '४००७' म्हटलं तरी पुरतं. रुपया-दोन रुपयांना मिळतो आणि १ अँपिअरपर्यंत करंट झेपतो. उलट दिशेने तो १००० व्होल्ट अडवू शकतो, पण आपल्या कामात त्या ताकदीचा काही उपयोग नाही. जास्त करंट असेल तर ३ अँपिअरचा १एन५४०८. काचेचा लालसर नारिंगी १एन४१४८ फक्त अगदी लहान करंटसाठी.

थोडंच उतरवायचं असेल तर शॉट्की जातीचा डायोड घेतात. त्यात सिलिकॉनच्या दोन थरांऐवजी एका बाजूला धातू असतो आणि म्हणून टोल कमी, लहान करंटला ०.२ ते ०.३ व्होल्ट. १एन५८१९ हा त्यातला नेहमीचा. दोन वेगवेगळ्या डायोडची माळ करून हवा तो आकडा जुळवता येतो, पण दशांशाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

रेडिओवरून आठवलं. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटातही एक डायोड असायचाच, लहरींमधून आवाज वेगळा काढणारा. तो सिलिकॉनचा नसे, जर्मेनियमचा असे. त्याचा टोल ०.२-०.३ व्होल्टच. अँटेनावर येणारा सिग्नल इतका गरीब असतो की ०.७ चा टोल त्याला परवडत नाही. या कामाचा पूर्वज म्हणजे स्फटिकाचा डिटेक्टर. गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना मिळालं होतं. तेव्हा सिलिकॉन डायोड जन्मालाही आला नव्हता.

## टोलचे पैसे जातात कुठे?

उष्णतेत. दर गाडीचा टोल गुणिले दर सेकंदाच्या गाड्या, म्हणजेच व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे वॅट. रेडिओ जोरात वाजतो तेव्हा तीन डायोड मिळून पाव वॅटसुद्धा उष्णता होत नाही. बोट लावलं तर जेमतेम कोमट.

पण हीच माळ अर्धा अँपिअर घेणाऱ्या खेळण्याला लावली तर प्रत्येक डायोडवर ०.८५ व्होल्टच्या आसपास पडतात आणि मिळून सव्वा वॅट उष्णता निघते. लहानशा काळ्या दाण्यांना ती चांगलीच जाणवते. डायोडची उष्णता बरीचशी त्याच्या पायांमधून बाहेर जाते, म्हणून पाय अगदी मुळापासून कापू नयेत आणि तिघांना एकत्र घट्ट टेप गुंडाळू नये. मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं होतं. टेपचा चिकटा वितळून वायरभर पसरला.

तापलेला डायोड आणखी एक गंमत करतो. तापमान एका अंशाने वाढलं की त्याचा ड्रॉप साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतो. विदर्भातली हिवाळ्यातली १० अंशांची रात्र आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार यात प्रत्येक डायोडमागे ७० मिलिव्होल्टचा फरक पडेल, तिघांत मिळून ०.२. रेडिओला चालतं. मोजमापाच्या यंत्राला चालत नाही.

आणि फारच जास्त करंटने डायोड मेला, तर तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे रस्ता बंद होत नाही, टोलनाकाच उठून जातो आणि पुढच्या वस्तूला जास्त व्होल्टेज मिळू लागतं. क्षमतेच्या निम्म्यापेक्षा जास्त करंट त्यातून जाऊ देऊ नये, हा माझा स्वतःचा नियम.

## उतरवणं वेगळं, सांभाळणं वेगळं

डायोडची माळ वजाबाकी करते आणि तिथेच तिचं काम संपतं. चार्जरने ५ ऐवजी ५.२ दिले तर पुढेही ०.२ जास्त जातील. मोबाइलच्या चार्जरचं व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर असतं म्हणून आपलं निभावलं. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला एलिमिनेटर (सेलऐवजी लावायचा अडॅप्टर) असता तर पंचाईत झाली असती. त्यावर ६ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण लोड नसताना तो आठ-नऊ व्होल्टही देतो. डायोड त्यातून इमानदारीने २.१ वजा करून उरलेलं पुढे पाठवणार.

व्होल्टेज सांभाळायला रेग्युलेटर लागतो. तो वर काहीही आलं तरी ठरलेलाच आकडा खाली देतो. पण ५ व्होल्टवरून प्रसिद्ध ७८०५ चा काही उपयोग नाही. त्याला ५ द्यायला वरून निदान ७ हवेत. ३.३ व्होल्ट हवे असतील तर एएमएस१११७ जातीचा चालतो. लोकांना वाटतं की रेग्युलेटर वीज वाचवतो. साधा रेग्युलेटरही वरचे व्होल्ट उष्णतेतच घालवतो. ५ चे ३ करताना चाळीस टक्के ऊर्जा डायोडमध्ये जळते, रेझिस्टरमध्ये जळते आणि साध्या रेग्युलेटरमध्येही जळते. वाचवायची असेल तर बक कन्व्हर्टर लागतो. तो वीज झटपट चालू-बंद करत काम करतो आणि त्याचे बोटाएवढे मॉड्यूल आता सहज मिळतात. १२ व्होल्टवरून ५ करायचे असतील तर दहा डायोडची माळ गुंफत बसण्यापेक्षा तोच घ्यावा.

गंमत म्हणजे हाच डायोड जागा बदलली की व्होल्टेज सांभाळतोसुद्धा.

भिंतीवरच्या घड्याळाचं उदाहरण घ्या. त्याला १.५ व्होल्ट लागतात आणि करंट सरासरी मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पाच डायोडची माळ लावून ५ चे १.५ होतील असं वाटतं, पण एवढ्या लहान करंटला प्रत्येकावर फक्त ०.४५ पडतात आणि घड्याळाला पावणेतीन व्होल्ट मिळतात. फसलं.

आता वेगळी जोडणी. चार्जरच्या धन तारेत ३३० ओहमचा एक रेझिस्टर. त्याच्या पुढच्या टोकापासून ऋण तारेपर्यंत दोन डायोड एकामागे एक, पट्टा ऋण तारेकडे. घड्याळ त्या दोन डायोडना समांतर. डायोडमधून कायम अकराएक मिलिअँपिअर वाहतात आणि दोघांवर मिळून १.३ व्होल्ट उभे राहतात. घड्याळाला तेवढे पुरतात. वरचं व्होल्टेज ५ वरून ५.२५ झालं तरी खाली १० मिलिव्होल्टचाही फरक पडत नाही, कारण जास्तीचा सगळा भार रेझिस्टर उचलतो. हा म्हणजे टोलनाका राहिला नाही, कालव्यावरचा सांडवा झाला. पाणी कितीही येवो, पातळी सांडव्याच्या काठाशीच.

(घड्याळ चार्जरवर चालवू नका, हेही सांगतो. एक पेन्सिल सेल वर्षभर पुरतो आणि लाइट गेले तरी वेळ चुकत नाही.)

## जीएसएम मॉड्यूल आणि एक अँपिअरचा डायोड

इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टमध्ये सिम८००एल नावाचं, मोबाइलच्या जीएसएम नेटवर्कला जोडणारं मॉड्यूल फार दिसतं. शेतातली मोटार एसएमएसने चालू करा वगैरे. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि हाताशी असतात ५. एक ४००७ मध्ये घातला की कागदावर ४.३ मिळतात आणि मुलं खूश होतात. मग मॉड्यूल नेटवर्क शोधायला लागतं आणि स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतं. सुरू होतं, बंद पडतं. कारण सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. एक अँपिअरच्या डायोडवर तेव्हा एक व्होल्टच्या वर पडतात, बारीक वायर आपला वाटा वेगळा खातात आणि व्होल्टेज ३.४ च्या खाली घसरतं. ३ अँपिअरचा डायोड, जाड आखूड वायर आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्याच्या वेळी देणारा भाग) लावला तर बहुधा चालतं. तरी मी म्हणेन, इथे बक कन्व्हर्टरच बरा. सरासरी करंट पाहून डायोड निवडला की फसगत होते, पाहायचा असतो तो सर्वांत मोठा झटका.

## घरच्या २३० व्होल्टवर चालेल का?

"सोल्डरिंग आयर्नला डायोड लावून तो अर्ध्यावर चालवतात, ते काय असतं मग?" हेही लोक विचारतात. तिथे वेगळंच काही घडतं. एसी वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते आणि डायोड त्यातली मागची अर्धी फेरी पूर्ण अडवतो. ०.७ व्होल्टचा तिथे काही संबंध नाही. वीज निम्मा वेळच जाते म्हणून २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न साडेबारा वॅटवर येतो आणि टेबलावर पडल्या पडल्या त्याचं टोक जळत नाही. हे फक्त तापणाऱ्या वस्तूंना चालतं. पंखा, ट्रान्सफॉर्मर, मोटार यांना लावलं तर त्यांच्या गाभ्यातलं चुंबकत्व एकाच बाजूला अडकतं आणि वेटोळी तापून जळू शकतात. आणि घरच्या लाइनवर असले प्रयोग ज्याला त्यातलं कळतं त्यानेच करावेत. या लेखातलं बाकी सगळं चार्जरच्या ५ व्होल्टच्या बाजूचं आहे. चार्जर उघडायचा नाही.

## रेडिओला जोडताना

चार्जर रुंद तोंडाच्या यूएसबीचा घ्यावा, त्यातून ५ व्होल्ट आपोआप मिळतात. नव्या टाइप-सी तोंडाचा चार्जर पलीकडच्या वस्तूने ओळख दिल्याशिवाय वीजच सोडत नाही. केबल कापल्यावर लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण असं मानू नका, स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नसतो. मीटरने खात्री करा. सेल आत ठेवून चार्जर जोडू नका. डायोड सेलमधली वीज चार्जरकडे जाऊ देणार नाही, पण चार्जरची वीज सेलमध्ये ढकलली जाऊ शकते, आणि साधे सेल असे फुगतात, गळतात.

मीडियम वेव्हवर थोडी घरघर वाढेल. मोबाइलचा चार्जर आत जलद चालू-बंद होत असतो आणि पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या आसपासही त्याचा आवाज डोकावतो. डायोडचा त्यात दोष नाही, त्याच्याकडे त्यावर उपायही नाही. चार्जर रेडिओपासून हातभर लांब ठेवला की बरंच कमी होतं. एफएमवर काही त्रास नाही.

## हे फक्त छंदवाल्यांचं आहे का?

असं वाटत असेल तर विजेच्या सबस्टेशनमध्ये डोकवा. तिथले रिले (बिघाड ओळखणारी उपकरणं), ब्रेकर (वीज तोडणारे मोठे स्विच) आणि दिवे चालवायला बॅटरीची वेगळी डीसी व्यवस्था असते, पुष्कळ ठिकाणी ११० व्होल्टची. २ व्होल्टचे ५५ सेल. बॅटरीला जोरात चार्ज करतात तेव्हा एकेका सेलवर २.४ व्होल्ट जातात आणि ५५ सेल मिळून होतात १३२. एवढं व्होल्टेज तासन्‌तास रिलेंना देणं बरं नव्हे. म्हणून चार्जर आणि रिले यांच्या वाटेत जाडजूड सिलिकॉन डायोडची रांग उभी करतात. त्यांना ड्रॉपर डायोड असंच म्हणतात. १४ व्होल्ट घालवायला साधारण वीस डायोड. आईच्या रेडिओच्या तिघांचेच हे थोरले भाऊ.

तिथे एक कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप चालणारा मोठा स्विच, त्या रांगेला समांतर बसवलेला असतो. बाहेरची वीज गेली की चार्जर थांबतो, बॅटरीचं व्होल्टेज उतरू लागतं आणि आता एकेक व्होल्ट मोलाचा असतो. त्या क्षणी कॉन्टॅक्टर मिटतो, प्रवाह डायोडना वळसा घालून थेट जातो. टोल माफ.

आईच्या रेडिओला असला कॉन्टॅक्टर नाही. लाइट गेले की ती मागचं झाकण उघडते, माझी वायर काढून बाजूला ठेवते आणि डब्यात जपून ठेवलेले दोन सेल आत घालते.